दोन घोट पेज

आमच्या घरात पेज बंद होती. दारू बंद, देवाचे टाक बंद, मेलेल्या जनावराचं मांस तर आजाच्या काळातच सुटलं होतं, आणि दीक्षा घेऊन आल्यावर बानं त्या यादीत पेजेलाही बसवलं. दीक्षेच्या वेळी पेजेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. पण बाचं कारण वेगळं होतं. कटंगीकडच्या एका गावात तो लहानपणी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, गुरं राखायचा, तेव्हा दुपारी त्याला पेज मिळायची. अंगणाबाहेर बसायचं, पळसाचा दोना दोन्ही हातांत धरायचा, आणि मालकीण वरून ओतायची. भांडं दोन्याला लागू नये म्हणून हातभर उंचीवरून. अर्धी पेज मनगटावर, गुडघ्यावर सांडायची, ती चाटून घ्यायची. बा हे कधी रडून सांगत नसे. चिडून सांगायचा, आणि सांगून झालं की आमच्याकडे असा बघायचा, जणू आम्हीच ओतली.

पेज म्हणजे काही अमृत नाही. तांदळाची कणी भरपूर पाण्यात शिजवायची, मीठ टाकायचं, मडक्यात ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी जराशी आंबते. सोबत कांदा, नाहीतर हिरवी मिरची. आमच्या बालाघाटपासून पार बिरसापर्यंत उन्हाळ्यात जो कोणी अंग मोडून राबतो तो हीच पितो. भरवेलीच्या खदानीत मँगनीज फोडायला येणाऱ्या बायासुद्धा डोक्यावर टोपली आणि हातात पेजेचं भांडं घेऊन यायच्या. बा त्याच खदानीत कामाला होता, आणि मजुरांच्या अख्ख्या कॉलनीत फक्त आमच्या खोलीत ती शिजत नसे. मायला फार आवडायची. पण बाचा शब्द म्हणजे शब्द, आणि तिनं कधी वाद घातला नाही.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आठवी पास, उंच, हडकुळा, बोलायला कमी. खदानीत गैरहजर मजुराच्या बदलीवर कधी चार दिवस काम मिळे, कधी नाही. बाची एकच जिद्द होती, पोरगा खदानीत मुरता कामा नये. बाची थुंकी काळी, नखं काळी, कानातला मळसुद्धा काळा. जंगलखात्यात नाकेदारांची भरती निघाली तेव्हा बा स्वतः जाऊन फॉर्म घेऊन आला. नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई. खाकी कपडे, सरकारी पगार, आणि भल्याभल्या मालगुजाराला लाकडासाठी नाकेदाराच्या दारात उभं राहावं लागतं. हे शेवटचं बा बोलला नाही, पण त्याच्या मनात तेच होतं, मी लिहून देते.

भरतीची खरी परीक्षा चालण्याची. बालाघाटच्या मैदानावरून निघून बैहरच्या रस्त्यानं आठ मैल जायचं, आठ मैल परत यायचं, चार तासांच्या आत. वेळ चुकली की घरी. आणि परीक्षा कधी, तर ज्येष्ठात. आमच्याकडचा ज्येष्ठ ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू, डांबर चपलेला चिकटून येतं.

चैत्रापासून भाऊ चालायला लागला. पहाटे निघायचा, ऊन चढल्यावर परतायचा. आला की दारातच बसून जायचा आणि पोटऱ्यांत गोळे यायचे. एवढा मोठा माणूस, जमिनीवर लोळायचा. मी पाय दाबायची, माय तेल चोळायची. बा उभा राहून बघायचा आणि म्हणायचा की पोराच्या अंगात ताकत कमी पडून राहिली, खाणं सुधारलं पाहिजे.

खदानीच्या साहेबाच्या बंगल्यावर बा कधीमधी सामान उचलायला जायचा. तिथं त्यानं साहेबाचा मुलगा खेळून आल्यावर काय पितो ते पाहून ठेवलं होतं. डब्यातली पावडर, दुधात घोळून. एक दिवस बा बालाघाटहून तसाच एक डबा घेऊन आला. वर पिळदार दंडाच्या माणसाचं चित्र, खाली इंग्रजी. घरात इंग्रजीची चार अक्षरं मला येत होती, आणि ती मी अर्थ न कळता मोठ्यानं वाचली. बाला केवढा आनंद झाला. त्यानं डबा तथागताच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवला. मला आजही तसा डबा दुकानात दिसला की डोकं फिरतं.

दुकानदारानं बजावलं होतं की पावडर दुधातूनच घ्यायची, वरून आंबट-खारट काही नको. दुकानदाराचं ज्ञान तेवढंच. त्यात बानं आपलं घातलं. दूध आणि मीठ एकत्र पोटात गेलं की रक्त नासतं, हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तिसरं आखाड्यातलं, की घामावर पाणी पिऊ नये. हे तिन्ही एकत्र करून बानं घरात कायदा लावला. भाऊ चालून आला की आधी वारा घालायचा, मग पावडरचं दूध द्यायचं, आणि दुपारच्या जेवणापर्यंत पाणी नाही, मीठ नाही. घरात येणारं पावशेर दूध सगळं भावाला. आम्ही चहा काळा प्यायला लागलो आणि त्याचा कुणाला राग आला नाही, कारण नोकरी एकट्या भावाची नव्हती, घराची होती.

डब्यानं काही होईना. गोळे वाढले. भाऊ चिडका झाला, डोळे खोल गेले, आणि वेळ म्हणाल तर चार तासांच्या वर पाऊण तास. बा म्हणायचा, औषध हळूहळू लागते. एक दिवस मायनं भावाचं वाळलेलं बनियन माझ्यापुढं धरलं. पाठीवर पांढरे चट्टे पडले होते. तिनं जिभेनं चाखून पाहिलं आणि म्हणाली, "हे सारं मीठ त्याच्या आंगातलं बाहेर पडलं. मंग वापस कोण टाकन?"

शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. एवढं साधं गणित आमच्यात फक्त तिला सुटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं चोरून सुरू केलं. शेजारच्या गोंडिणीच्या चुलीवर पेज शिजायची. माय धुणं घेऊन नाल्यावर जायची, मी मडकं पदराखाली झाकून मागं. भाऊ परतताना रस्ता सोडून नाल्यावर उतरायचा, उकिडवा बसून दोन वाट्या, तीन वाट्या पेज प्यायचा, मिरची चावायचा, वर गडवाभर पाणी. मग तोंड पुसून घरी येऊन बाच्या हातचं दूध. पहिल्या दिवशी तो नको नको म्हणत होता. मायनं नुसतं त्याच्या पोटरीवर हात ठेवला. मग प्यायला लागला तो थांबेचना.

आठ दिवसांत गोळे गेले. वैशाख सरता सरता तो साडेतीन तासांच्या जवळपास येऊ लागला. रंग परतला, शिट्टी वाजवायला लागला. बाची छाती फुगली. तो कॉलनीत ज्याला त्याला डब्याचं कौतुक सांगायचा. माय चुलीकडे तोंड करून हसायची. ते दिवस चांगले होते. आम्ही तिघं मिळून एका माणसाला फसवत होतो आणि त्यात त्याचंच भलं होतं.

आता माझं सांगते. ती पावडर गोड होती. कोरडी चमचाभर तोंडात टाकली की टाळूला चिकटायची आणि हळूहळू विरघळायची. तेरा वर्षांची होते मी, आणि घरात गूळसुद्धा मोजून मिळायचा. आधी चमचा चाटला, मग अर्धा चमचा, मग रोज. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातलं कुत्रं मी. परीक्षेला पाच दिवस असताना बानं डबा हलवून पाहिला आणि झाकण उघडलं. बुडाशी दोन बोटं उरली होती. त्यानं मला समोर उभं केलं. माय पाण्याला गेली होती. बा ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं की पावडर कोण खाऊन राहिलं.

मी म्हणाले, "माय दादाले पेज देते."

विचारलं काय आणि मी सांगितलं काय. पण मला ठाऊक होतं की हे ऐकल्यावर बा डब्याचं विसरेल. आणि तो विसरला. तेरा वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल असते, हे लोकांना खोटं वाटतं. मला नाही वाटत.

माय पाणी घेऊन आली तेव्हा बानं तिला मारलं नाही. त्यानं आयुष्यात तिच्यावर हात उचलला नाही. तो खाली बसला आणि दोना, मालकीण, गुडघा, सगळं पुन्हा सांगितलं. आणि म्हणाला की माझा पोरगा सरकारी माणूस व्हायला निघाला आणि तू त्याला चोरून तेच पाजते, नाल्यात बसवून. बाचं चुकलं होतं, पण तो खोटं बोलत नव्हता. त्याचं दुःख खरं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच तोंड उघडवत नव्हतं. मग त्यानं भावाला बोलावलं, माझ्या गळ्याची आन घे म्हणाला. भावानं बाच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. बाला कुणी सांगितलं हे मायनं मला विचारलं नाही. तिला वाटलं, नाल्यावर कुण्या बाईनं पाहिलं असेल.

पाच दिवस दूध आणि पावडर. बानं नवा डबा आणला. मी त्याला हात लावला नाही, आता काय उपयोग.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच लाही लाही होत होती. भरती करणारा साहेब उशिरा आला आणि माणसं सुटायलाच ऊन वर आलं. बा बालाघाटला मैदानावर. रस्ता आमच्या भरवेलीवरून जायचा, म्हणून माय आणि मी फाट्यावर झाडाखाली उभ्या राहिलो. मायनं मडकं आणलं होतं. जाताना भाऊ वेगात गेला, आमच्याकडे पाहून हात हलवला. परत येताना त्याचं तोंड लाल झालं होतं आणि ओठांच्या कडेला पांढरं सुकलं होतं. त्याच्या पुढं-मागं चालणारी गोंडांची पोरं जागोजागी थांबत होती, त्यांच्या घरच्यांनी पेज, पाणी धरलं होतं. माय रस्त्यात आडवी झाली आणि मडकं पुढं केलं.

भाऊ म्हणाला, "बाची आन घेतली हाये, माय."

मायनं मडकं खाली घेतलं नाही. तशीच धरून उभी राहिली. भावानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग मडकं घेतलं, दोन घोट प्याला, फक्त दोन, मी मोजले, आणि परत दिलं. बाकी सगळं मडकं भरलेलंच होतं. तो गेला. माय म्हणाली, चाल, आता मन शांत झालं.

तो पास झाला. चार तासांना दहा मिनिटं कमी असताना मैदानात शिरला. खात्यानं तिथं पाण्याचे रांजण ठेवले होते, पोरं त्यात तोंड घालत होती. भाऊसुद्धा रांजणाकडे गेला, पण बानं त्याचा हात धरून त्याला बाजूला सावलीत नेलं, वारा घातला, आणि बरोबर नेलेलं पावडरचं दूध पाजलं. भावाला तिथंच उलटी झाली. बानं आणखी पाजलं. हे बानंच आम्हाला घरी आल्यावर सांगितलं, कौतुकानं, हसत हसत. बाला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. त्याला उठवत नव्हतं. आम्ही म्हटलं थकवा आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला लघवी झाली ती काळी, बिनदुधाच्या चहासारखी. त्यानं कुणाला सांगितलं नाही. नोकरी लागलेल्या माणसानं दुखणं सांगू नये, वैद्यकीय तपासणी राहिली होती ना. तिसऱ्या दिवशी लघवीच बंद झाली, तोंड सुजलं, तेव्हा बोलला. बैलगाडीत घालून बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. एकोणीस वर्षांचा. पास झालेल्यांच्या यादीत त्याचं नाव लागलेलं होतं आणि ते आम्ही सगळ्यांनी जाऊन पाहिलं होतं.

माय आत त्याच्यापाशी बसली होती. बा गाडी बघायला गेला होता. डॉक्टर व्हरांड्यात आला, परका माणूस, तरुण, घाबरलेला. समोर मीच होते म्हणून माझ्याशीच बोलला. चालून आल्यावर काय दिलं होतं, विचारलं. मी सगळं सांगितलं, डबा, दूध, पाणी नाही, मीठ नाही. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "इतना पसीना गया, और नमक-पानी कुछ नहीं? गुर्दे सूख गए। अरे, पेज ही पिला देते। शायद बच जाता।"

घाम गेला, मूत्रपिंडं सुकली. पेज पाजली असती तर. ते फक्त मी ऐकलं. बा आला तोवर डॉक्टर आत गेला होता.

माती झाल्यावर आमच्या घरी चूल पेटली नाही. शेजारपाजारचे अन्न आणून देत होते. तिसऱ्या दिवशी मायनं बाच्या पायावर डोकं ठेवलं आणि फाट्यावरचं सांगून टाकलं. तिला लपवणं सहन होईना. तिला वाटलं असेल, बा म्हणेल की बरं झालं, जाताना तुझ्या हातचं काही पोटात गेलं. बानं पाय मागं घेतले. मग म्हणाला, "तरीच. दुधावर खारट गेलं. त्याचं रक्त नासलं, म्हणून काळं पडत होतं. तुह्या त्या दोन घोटानं गेला माहा पोरगा."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. आणि संन्याशानं ती घेतली. मायनं एकदाही म्हटलं नाही की नाही, तसं नाही. काळ्या लघवीचं तिनं भावाच्याच तोंडून ऐकलं होतं, दूध आणि मीठ तिनंही लहानपणापासून ऐकलं होतं. सगळं जुळत होतं. मी दाराच्या चौकटीत उभी होते. डॉक्टरचे शब्द माझ्या तोंडात होते. मी ते गिळले.

त्या दिवसापासून मायनं भाऊ असतानाच्या दिवसांबद्दल बोलणं सोडून दिलं. गावातलं कुणी उन्हातून आलं आणि पाणी मागितलं तर ती मला द्यायला लावायची, स्वतः देत नसे. आपल्या हाताला गुण नाही म्हणायची. माझं लग्न झालं, मूल झालं, तर बाळाला ती चमचाभर वरणाचं पाणी पाजायला धजली नाही. बा तिला वाईट वागवत नव्हता. उलट सांभाळायचा, बाजारातून बांगड्या आणायचा. त्यानं तिला माफ केलं होतं. त्या माफीचा मला जो राग यायचा, तो मी कुणाला सांगू.

दहा-एक वर्षांनी मी माहेरी गेले होते. बा बाजेवर पडून होता, जागा होता. माय तांदूळ निवडत होती. कणी वेगळी काढता काढता तिचा हात थांबला आणि तिनं मला विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"दोन घोट पेजेनं माणूस मरते का, बाई? तू शिकेल हायेस, म्हून विचारतो."

बाजेवर बानं कूस बदलली नाही, पण तो ऐकत होता.

मी म्हणाले, "मले काय मालूम, माय."

तिनं मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

पुढे मी स्वतःला सांगत आले की बाला वाचवायचं होतं म्हणून बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं की रांजणापासून तूच त्याला ओढलंस. ऐकणाऱ्याला हे पटतं, मलाही बरीच वर्षं पटलं. पण खरं ते नाही. मायला मी डॉक्टरचं बोलणं सांगितलं असतं तर तिनं लगेच पुढचं विचारलं असतं. पेजेनं तो तगला होता, मग पेज तोडली कुणी? बाला जाऊन सांगितलं कुणी? त्या प्रश्नाला मी भीत होते. माय गेली ती दोन घोटांचं ओझं घेऊनच गेली, आणि मी तिच्या उशाशी बसून होते, शेवटपर्यंत, तोंड मिटून.